संध्याकाळी पाचची काळजी

प्रमिला,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी विठ्ठलवाडीला आले होते. तू दोन वर्षं 'ये ना गं एकदा घरी' म्हणत होतीस, मी दर वेळी काहीतरी निमित्त काढत होते, आणि अखेर आले ती तू घरात नसताना. तुझं घर मी मोबाईलच्या पडद्यावर इतक्यांदा पाहिलं होतं की आत शिरताच ते ओळखीचं वाटेल असं मला वाटलं होतं. पण मला ठाऊक होती ती फक्त तुझ्या डोक्यामागची निळी भिंत आणि वरच्या पंख्याचं अर्धं पातं. उरलेलं घर त्या दिवशी पाहिलं. फोटोला पांढऱ्या फुलांचा हार, समोर मेणबत्त्या, आणि वंदना म्हणणारी माणसं पार दारापर्यंत दाटीवाटीने बसलेली. मला वंदनेचे शब्द येत नाहीत. मी नुसते हात जोडून बसले आणि मनातल्या मनात तुला म्हटलं, बघ, आले.

नंतर तुझ्या लेकीने, सोनलने, मला पुढे बोलावून नातेवाइकांना सांगितलं, "या ठाण्याच्या शैलामावशी. आईची झोपेची मैत्रीण." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तुझ्या नणंदेने तर सरळ विचारलं, "झोपेची म्हंजे?" मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, पण मला ते धड सांगता येईना. 'आम्हाला दोघींना झोप येत नव्हती, म्हणून आमची मैत्री झाली,' असं काहीतरी बोलले. त्यांना ते विचित्र वाटलं असणार. तुला मात्र हसू आलं असतं.

तुला सगळं माहीतच आहे, तरी लिहिते आहे. आपला एक वाद अर्धा राहिलाय. तू गेलीस म्हणून तो तुझ्या बाजूने निकालात निघाला असं मी मानणार नाही, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे.

तो पहिला शनिवार आठवतो का? उपचार संपलेली, डॉक्टरांनी 'आता तुम्ही बऱ्या आहात' म्हणून घरी पाठवलेली, आणि तरी रात्र रात्र टक्क जागी असणारी आपण सगळी माणसं त्या व्हिडिओ कॉलवर जमलो होतो. माझा छातीचा कॅन्सर, तुझा पोटाचा, डोंबिवलीच्या कुलकर्णीकाकांचा घशाचा. गोळ्या न वाढवता, सवयी आणि विचार बदलून झोप परत आणायची, असा तो गट होता. मला काही पटलं नव्हतं. "झोप काय ऑनलाइन शिकवतात? उद्या जेवणही ऑनलाइन वाढतील," असं मी ह्यांना म्हणाले, तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मागवतात की."

गट चालवणाऱ्या मॅडम वयाने माझ्या सुनेएवढ्या. आवाज गोड, पण हुकूम मोडायची सोय नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी, त्या म्हणाल्या. पडून टीव्ही नाही, मोबाईल नाही, विचार तर नाहीच नाही. झोप येत नसली तर उठायचं, दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, आणि डोळे जड झाले की परत यायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि इतका वेळ नुसता पंखा दाखवणारा तुझा कॅमेरा हलला, तुझा चेहरा आला.

"जयभीम मॅडम. एक विचारू? दुसरी खोली म्हंजे आमचं किचन. तिकडे मुलगी झोपते. तिला उठवून तिच्या अंथरुणात बसू का मी?"

आणि उत्तरही तूच दिलंस, "खोली नाय बदलता येत, पण गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करते ना. अंथरूणच नाय राहिलं तर लोळणार कुठे? मी आपली खुर्चीत बसेन." मॅडम मनापासून हसल्या आणि पुढच्या शनिवारी तो उपाय त्यांनी सगळ्यांना सांगितला. मी त्या क्षणी ठरवलं की या बाईचा नंबर घ्यायचा.

माझी अडचण तुझ्या उलटी होती. वर्तकनगरच्या आमच्या घरात खोल्यांना तोटा नाही, पण मला पलंगावरून कोणी उठूच देत नव्हतं. आपल्याकडे आजारी माणसावर माया करायची एकच रीत आहे, त्याला 'पडून राहा' म्हणायचं. भेटायला येणारे पलंगाच्या कडेवर बसायचे, डाळिंबं द्यायचे, आणि मी उठून चहा करायला निघाले की घरात गहजब. औषधं पलंगावर, जेवणाचं ताट पलंगावर, मुलाचा बंगळुरूहून फोन आला तरी तो मी पलंगावरच घ्यायचा. वर्षभर मी दिवसा पडून राहिले आणि रात्री झोप का येत नाही म्हणून रडले. मॅडमनी दुपारची झोप बंद केली, रात्री बारापर्यंत अंथरुणाला पाठ टेकायची नाही असं सांगितलं, तेव्हा ह्यांना त्यांचा असा राग आला की बोलायची सोय नाही. "आजारी माणसाला झोपू देत नाही, ही कसली उपचाराची पद्धत?" मी म्हटलं, मी आजारी नाही. ते वाक्य माझ्या तोंडून बऱ्याच काळाने बाहेर पडलं होतं.

ते पहिले दिवस आपण कसे काढले, आपल्यालाच ठाऊक. जेवणं आटोपली की तू फोन करायचीस आणि लसूण सोलत बसायचीस. स्वतःचा संपला की शेजाऱ्यांचा. तुझ्या चाळीतल्या बायकांनी त्या काळात लसणाला हात लावला नसेल. मी जुने कपडे उसवून पिशव्या शिवत होते आणि तुझ्यावर चिडत होते, कारण तू जांभया द्यायचीस आणि मला त्या फोनवरून लागायच्या. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एका सकाळी मला गजराने जाग आली. गजराने, प्रमिला. कित्येक महिने मी गजराच्या आधी उठून त्याची वाट बघत असायचे. मी आधी तुला फोन केला आणि मग ह्यांना सांगितलं. तू म्हणालीस, "आता रोज लागेल असं समजू नको हां. पण रस्ता सापडला." खरंच, दुसऱ्या रात्री नाही लागली, तिसऱ्या रात्री लागली.

मग आली ती काळजीची वेळ. मॅडम म्हणाल्या, काळज्या रात्रीच येतात कारण दिवसा त्यांना कोणी वेळ देत नाही. दिवसातली एक वेळ ठरवा, थोडाच वेळ, आणि सगळ्या काळज्या तेव्हा मोठ्याने बोलून टाका. रात्री आल्या तर सांगा, उद्या या. आपण संध्याकाळी पाच ठरवले. आळीपाळीने बोलायचं, मध्ये सल्ला द्यायचा नाही, आणि वेळ झाली की फोन ठेवायचा.

पहिल्याच दिवशी मी फोन घेऊन खाली आवारात आले. तुला मागून रिक्षांचे भोंगे ऐकू आले.

"अगं, घर सोडून कुठे उभी आहेस?"

मी तुला खरं ते सांगितलं. घरात अशुभ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. त्यात दिवेलागणीची वेळ जवळ आलेली. माझ्या आईने हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसवलंय की घराच्या चार भिंतींत 'परत आला तर' हे शब्द मला उच्चारताच येत नव्हते. म्हणून मी मीटरच्या खोलीशेजारच्या सिमेंटच्या बाकावर बसून काळजी करत होते, घराला ऐकू जाऊ नये म्हणून. तू इतकी हसलीस की तुला खोकला आला. "आमचं घर एवढंसं आहे," म्हणालीस, "त्याच्यापासून काय लपवणार? त्याला सगळं आधीच माहितीये." हे तू मानत नव्हतीस आणि ते तू स्पष्ट सांगितलंस, पण मला बाकावरून उठायला लावलं नाहीस. त्यानंतर दोन वर्षं, पावसात छत्री घेऊनसुद्धा, मी त्या बाकावर बसले. आमच्या वॉचमनला वाटत असणार की म्हाताऱ्या बाईचं बाहेर काहीतरी आहे.

सगळं बोललो आपण. सोनलचं लग्न, माझ्या मुलाचं न येणं, गोळ्यांनी अंगातून निघणाऱ्या वाफा, केस परत आले ते कुरळे का. फक्त मी 'तो' म्हणायचे आणि तू 'कॅन्सर' म्हणायचीस. बाकावरसुद्धा माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

प्रत्यक्ष आपण एकदाच भेटलो, नवरात्रात, टेंभी नाक्यावर. "तुझ्या देवीला नाय, तुला बघायला येते," म्हणून बजावून आलीस. मी तुला गर्दीत शोधत होते माझ्याएवढ्या उंचीची, कारण पडद्यावर सगळी माणसं एकाच उंचीची असतात. आणि तू निघालीस माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. मला तुझ्या खांद्याशी बोलावं लागत होतं. रोषणाई अजून लागायची होती, आपण भर दुपारी पाळण्यांच्या बाजूला उभ्या राहून कुल्फी खाल्ली, आणि एकमेकींकडे बघत राहिलो. फोनवर रोज बोलणाऱ्या दोन बाया समोरासमोर लाजल्या. निघताना तू माझा हात हातात घेतलास आणि बराच वेळ सोडला नाहीस. मी तेव्हाच तुला विठ्ठलवाडीला येते म्हणायला हवं होतं.

आता त्या वादाकडे येते. टाळून किती टाळणार.

त्या दिवशी पाचला तू म्हणालीस, "आज पहिली मी बोलते. स्कॅनमध्ये परत दिसलंय. लिव्हरला." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अगं, तिन्हीसांजेला असं बोलू नये." तुझ्या मैत्रिणीने तुला दिलेला हा धीर. मग तू शांतपणे बोलायला लागलीस.

"शैला, मी पालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर नोकरी केली ना? माणूस आधी जातो, नोंद मग होते. मी नोंद केली म्हणून कोण मेला नाय. नाय केली म्हणून कोण उठून बसला नाय. दिसलं ते आधीच होतं, मी आज बोलले फक्त."

मी रडत होते. तूच विचारलंस, "तुझी तपासणी कधी आहे?" माझी तपासणी होऊन जायला हवी होती. घरी मी सांगितलं होतं की डॉक्टर परगावी आहेत, त्यांनी पुढची तारीख दिलीय. खरं फक्त तुला ठाऊक होतं. मोठ्या मुश्किलीने लागायला लागलेली झोप मला त्या एका दिवसापायी घालवायची नव्हती. मी चिडून म्हणाले, "तू वेळच्या वेळी गेलीस तपासणीला. काय मिळालं तुला?"

"मिळालं ना," तू म्हणालीस. "आता मला ठरवता येईल. बहिणीशी अबोला आहे तो सोडायचाय. सोनलला माझ्या हातची सुक्या बोंबलाची चटणी शिकवायचीय. तू नाय गेलीस तर तुला ठरवता पण येणार नाय. तू नुसती बाकावर बसून राहशील."

मी म्हटलं, उद्या पाचला बोलू. आणि तो विषय मी परत काढला नाही. तूही काढला नाहीस. तुझे उपचार पुन्हा सुरू झाले आणि आपण पाचला भलतंच काहीबाही बोलू लागलो. भाजीचे भाव, कुलकर्णीकाकांचा नेहमी उघडा राहणारा माइक. मला भीती वाटते, तू जाशील याची भीती वाटते, हे एवढं साधं वाक्य मी तुला कधी म्हणाले नाही. तुला ते ऐकायचं होतं का, तेही विचारलं नाही. तू मला तेवढी सूट दिलीस, आणि मी ती घेतली. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे आणि त्याचाच मला रागही आहे.

सोनल मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिला विचारलं, आईला झोप लागायची का गं शेवटी? मला ते कळायलाच हवं होतं. ती म्हणाली, "लागायची मावशी. नंतर नंतर दुखायचं, इंजेक्शनं होती, ते वेगळं. पण त्याच्या आधी घरी होती ना, तेव्हा गाढ झोपायची. मीच रडत असायची किचनमध्ये. सकाळी मला ओरडायची, 'तू पण पाचला रड, रात्री काय रडते.'" ती हे सांगताना हसली. तुझ्यासारखंच, आधी खांदे हलतात आणि मग आवाज येतो. चटणीही शिकवलीस म्हणे तिला. तुझी बहीण मागे भांडी आवरत होती.

मी घरी पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. सवयीने बाकावर बसले. मोबाईलमध्ये सगळ्यात वर तुझंच नाव होतं. लावणार कोणाला? आवारात मुलं क्रिकेट खेळत होती, चेंडू एकदा माझ्या पायाशी आला, मी तो परत फेकला. तू आता मला काय म्हणशील ते मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी उठले आणि जिना चढून वर गेले.

हे देवापाशी दिवा लावत होते. मी आजारी पडल्यापासून ते काम त्यांनी घेतलंय ते कायमचंच. मी दारातच, चपला न काढता, म्हणाले, "अहो, डॉक्टर परगावी नाहीत. मी तपासणीला गेलेच नाही. मला भीती वाटते. कॅन्सर परत आला असेल तर?"

म्हणाले, प्रमिला. घरात, तिन्हीसांजेला, तो शब्द घेऊन. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली, बाकी कोणी तथास्तु म्हणालं नाही.

ह्यांनी काडेपेटी खाली ठेवली. मला वाटलं आता रागावतील, आणि रागवायचा त्यांना हक्क होता. ते खुर्चीत बसले. "मलाही वाटते," ते म्हणाले. "रोज वाटते." आणि मग हा माणूस, ज्याच्या तोंडून चाळीस वर्षांत जेवण कसं झालंय तेही नीट निघालं नाही, बोलायला लागला. "तू रात्र रात्र कूस बदलत पडायचीस, तेव्हा मी डोळे मिटून जागा असायचो. विचारलं असतं तर तुला वाटलं असतं की मी घाबरलोय. मग तुझा तो वर्ग सुरू झाला, तू झोपायला लागलीस. तर मग तुझा श्वास चालू आहे ना, ते ऐकत पडायचो."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू इतकी छान झोपत होतीस," ते म्हणाले.

आम्ही दिवाही न लावता तसेच बसलो आणि एकमेकांना सगळं सांगितलं. मी त्यांना वेळेचे नियम सांगितले, पण पहिलाच दिवस असल्यामुळे पाळले नाहीत. जेवायला पार उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच हॉस्पिटलला फोन लावला आणि तारीख मागून घेतली.

काल तपासणी झाली. रिपोर्ट सोमवारी मिळेल. त्यात काय असेल ते मला माहीत नाही, आणि जे असेल ते आधीच झालेलं आहे. एवढ्यापुरता तुझा मुद्दा मान्य. माझ्या आईचं सगळंच चूक होतं असं मात्र मी अजून म्हणणार नाही, त्याबद्दल आपलं नंतर भांडण होऊ दे.

काल रात्री मला मध्येच जाग आली. शेजारी हे घोरत होते. लग्न झाल्यापासून या घोरण्यावरून मी ह्यांच्याशी भांडत आलेय, उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन झोपलेय. आणि आता लक्षात आलं की माझा आजार निघाल्यापासून ते घोरणं बंदच झालं होतं. इतका काळ ते मला ऐकू आलं नव्हतं, आणि ते ऐकू येत नाही हेसुद्धा मला कळलं नव्हतं. मॅडमच्या नियमाने मी उठून दुसऱ्या खोलीत जायला हवं होतं. मी नाही गेले गं. थोडा वेळ ऐकत पडले, आणि मग माझाही डोळा लागला.